सवलतीची मराठी

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय आला आणि जूनच्या अखेरीस तो मागे घ्यावा लागला. मधल्या अडीच महिन्यांत भाषाशिक्षणावर जेवढी चर्चा झाली, तेवढी माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत मी ऐकली नव्हती. सहा वर्षांच्या लेकराच्या डोक्यावर तीन भाषांचं ओझं नको, हा मुद्दा लेखकांनी मांडला, शिक्षकांनी मांडला, रस्त्यावर उतरलेल्या कार्यकर्त्यांनी मांडला. मला तो तेव्हाही पटला होता, आजही पटतो.

त्या चर्चेत सरकारच्या बाजूने एक युक्तिवाद पुन्हा पुन्हा येत होता. इतर माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून तीन भाषा आहेतच की! उर्दू, गुजराती, कन्नड माध्यमाची मुलं आपली माध्यमभाषा, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषा पहिलीपासून शिकतातच, मग मराठी माध्यमाच्या मुलांनाच काय अडचण आहे? याला विरोधकांनी आपापल्या परीने उत्तरं दिली. पण मी जेवढं वाचलं आणि ऐकलं, त्यात एकाही बाजूने हे विचारलं नाही की बरं बाबा, ती मुलं तीन भाषा शिकतात, तर मग त्यांचं पुढे काय होतं? सरकारला आमची मुलं उदाहरण म्हणून हवी होती. विरोधकांना ती दिसलीच नाहीत.

मी त्या मुलांपैकी एक. उर्दू माध्यमातून दहावी, कला शाखेतून बारावी, मग मराठी घेऊन बी.ए., मराठीतच एम.ए. आणि बी.एड.ला मराठी व उर्दू या दोन अध्यापन पद्धती. तेव्हापासून दोन्ही भाषा शिकवतो आहे. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मला स्वतःच्या प्रवासावरून देता येतं, आणि ते कुणालाच फारसं आवडणारं नाही. उर्दू शाळेतल्या मुलाला या राज्याने मराठी शिकवली नाही, मराठीतून सवलत दिली. आणि आमच्या लोकांनी ती सवलत हसत हसत पदरात पाडून घेतली.

पुढे जाण्याआधी एक गैरसमज दूर करतो, कारण तो शिकल्यासवरल्या माणसांतही असतो. उर्दू शाळा म्हणजे मदरसा नव्हे. उर्दू शाळेत राज्याचाच अभ्यासक्रम असतो, १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीचीच पुस्तकं असतात, फक्त ती उर्दूत छापलेली असतात. चौथीत शिवाजी महाराजांचा इतिहास मी उर्दूतून वाचला. अफजलखान, शाहिस्तेखान, आग्र्याहून सुटका, सगळं उजवीकडून डावीकडे. परीक्षेत त्यावर निबंधवजा उत्तरं लिहिली आणि गुणही मिळवले. हे सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटतं, त्याची मला आता सवय झाली आहे.

आता सवलतीकडे येतो. मराठी माध्यमाच्या मुलाला बालभारती, पुढे कुमारभारती. इतर माध्यमांच्या मुलांना सुलभभारती आणि नववी-दहावीला अक्षरभारती. आमच्या वेळी या विषयाला सगळे सरळ ‘लोअर मराठी’ म्हणत. शिक्षक म्हणत, पालक म्हणत, आम्हीही म्हणायचो. ज्याची घरची भाषा वेगळी, त्याच्यासाठी सोपं पुस्तक असावं, याला माझा विरोध नाही. उलट पहिली-दुसरीत ते असायलाच हवं. पण सोप्या पायरीने सुरुवात करायची ती वर चढण्यासाठी. इथे दहा वर्षं मुलाला त्याच ओट्यावर बसवून ठेवतात आणि अकरावीला अचानक सांगतात, चल, आता माडीवर ये.

आमच्या शाळेत मराठीला मराठीचा शिक्षक नव्हता. मी मालेगावचा. नव्वदच्या दशकातली गोष्ट सांगतो आहे. अब्बा पॉवरलूमवर कामाला, शाळेला सुट्टी शुक्रवारी आणि वर्गात साठाच्या वर मुलं. वेळापत्रक लागलं की ज्या शिक्षकाचे तास कमी भरत, त्याच्या गळ्यात मराठी पडायची. एका वर्षी इतिहासाच्या सरांनी शिकवली, एका वर्षी पी.टी.च्या. त्यांचा दोष नव्हता. त्यांना स्वतःला जेवढी येत होती तेवढी ते देत होते. धडा वाचायचा, त्याचा उर्दूत अर्थ सांगायचा, गाइडमधली उत्तरं फळ्यावर उतरवायची, संपलं. उत्तरं पाठ करायची म्हणून आम्ही ती उर्दू अक्षरांत लिहून घेत असू. म्हणजे मराठी वाक्य, लिपी उर्दू. परीक्षेच्या आदल्या रात्री ते घोकायचं आणि सकाळी देवनागरीत ओकायचं. दहावीला मला मराठीत ७१ गुण पडले आणि घरात पेढे वाटले गेले.

त्याच उन्हाळ्यात अब्बांबरोबर रेशनकार्डाच्या कामाला तहसील कचेरीत गेलो. फॉर्म माझ्या हातात. अक्षरं सगळी वाचता येत होती. ‘अर्ज’ कळत होतं, ‘दाखला’ कळत होतं, ‘तारीख’ आणि ‘सही’ कळत होतं. ‘वास्तव्य’, ‘प्रतिज्ञापत्र’, ‘अवलंबित व्यक्ती’ यांपाशी मी थांबलो. शेवटी बाहेर झाडाखाली बसलेल्या माणसाला वीस रुपये देऊन फॉर्म भरून घेतला. अब्बांनी काही म्हटलं नाही. त्यांना वाटलं, सरकारी कागद असेच असतात.

ही तीस वर्षांपूर्वीची गोष्ट झाली, आता सगळं ऑनलाइन आहे, असं कुणी म्हणेल. मग नोकऱ्यांचं बघा. तलाठी भरतीच्या २०० गुणांच्या परीक्षेत ५० गुण मराठीचे असतात. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत मराठी व्याकरण असतं. समास, प्रयोग, अलंकार, वाक्प्रचार. यातलं किती सवलतीच्या मराठीतून हाती लागतं, हे कुठल्याही उर्दू शाळेच्या दहावीच्या वर्गात जाऊन पाहावं. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात मुस्लिमांची संख्या साडेअकरा टक्क्यांच्या आसपास आहे. सरकारी कचेऱ्यांत आपली माणसं का दिसत नाहीत, यावर सच्चर समितीचा २००६ चा अहवाल हातात घेऊन आम्ही मोठमोठी भाषणं करतो. भेदभाव आहेच, तो मी नाकारत नाही. पण परीक्षेच्या हॉलमध्ये २०० पैकी ५० गुणांवर पाणी सोडूनच बसलेल्या पोराला भेदभावापर्यंत पोचायचीसुद्धा संधी मिळत नाही.

आणि मुलींचं? हा विषय माझ्या जिवाला सगळ्यात जास्त लागतो. मी ज्या तालुक्याच्या गावी नोकरी करतो, तिथे उर्दू शाळा दहावीपर्यंत आहे. मराठी ज्युनियर कॉलेज चालत दहा मिनिटांवर. दरवर्षी दहावीचा निकाल लागतो, मुली मुलांपेक्षा चांगले गुण घेतात, पेढे येतात, आणि जुलै उजाडला की त्यातल्या निम्म्याअधिक घरी बसलेल्या असतात. लोक म्हणतात, मुस्लिम पालक मुलींना शिकवत नाहीत. अहो, दहावीपर्यंत त्याच पालकांनी शिकवलं ना? मी घरोघरी जातो तेव्हा मला बापाकडून क्वचितच नकार मिळतो. आई म्हणते, पोरगीच नको म्हणते. आणि पोरगी दाराआडून सांगते, “सर, वहाँ सब मराठी में होता है ना.” जिने दहा वर्षं मराठी ‘शिकली’, प्रगतिपुस्तकावर जिच्या मराठीपुढे ‘अ’ श्रेणी आहे, ती मराठी वर्गात बसायला घाबरते. वर्गात हसतील म्हणून घाबरते. ‘ळ’ला ‘ल’ म्हटलं की हसतात, हे तिला भावाकडून कळलेलं असतं. तिचं शिक्षण पडद्याने थांबवलं नाही आणि मौलवींनीही थांबवलं नाही. ते थांबवलं ‘अ’ श्रेणीने.

मुलांची वाट थोडी वेगळी, पण शेवट तसाच. विज्ञान शाखेला गेलेल्या मुलाचं काय होतं तेही सांगतो, कारण माझ्या वर्गातले सगळ्यात हुशार चौघे तिकडे गेले होते. उर्दूत आम्ही त्रिकोणाला मुसल्लस म्हणायचो, चौरसाला मुरब्बा (हसू नका, उर्दूत जॅमही मुरब्बाच), पेशीला खलिया, रेणूला सालिमा. प्रकाशसंश्लेषण म्हणजे ज़ियाई तालीफ़. सुंदर शब्द आहेत, मला आजही आवडतात. अकरावीला ते सगळे एका दिवसात निकामी झाले आणि सगळं इंग्रजीत सुरू झालं. मराठी माध्यमाच्या मुलालाही हा धक्का बसतो, पण त्याचे मास्तर अडलं की मराठीत समजावतात. आमच्या चौघांना ते मराठीतलं समजावणंही कळत नव्हतं. दोघांनी बारावीत विषय राखून ठेवले. एकाने डिप्लोमाला जाऊन निभावलं. चौथा आज माग चालवतो आणि माझ्यापेक्षा गणित त्याला अजूनही चांगलं येतं.

मी कला शाखेत गेलो आणि उर्दूऐवजी मराठी घेतली. त्यावेळी हा निर्णय घरात कुणालाच कळला नाही. मला स्वतःलाही तहसील कचेरीतल्या त्या वीस रुपयांपलीकडे काही कारण सांगता आलं नसतं. पहिलं वर्ष हाल झाले. अडचण कठीण शब्दांची नव्हती, शब्द पाठ होतात. अडचण लिंगाची होती. उर्दूत नपुंसकलिंग नाहीच. किताब स्त्रीलिंगी, मग पुस्तक नपुंसकलिंगी कसं? घर, शहर, पानी हे सगळे आमच्याकडे पुरुष. मराठीत येताच ते घर, ते शहर, ते पाणी. आवाज उर्दूत स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी. मज़ा उर्दूत येतो, मराठीत येते. त्यात सामान्यरूप. घोडा घोड्याला का होतो आणि सामान्यरूपाचा नियम कुठे सापडतो, हे मला दहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, कारण ज्यांनी शिकवलं त्यांना तो नियम आहे हेच माहीत नव्हतं. चमच्यातला ‘च’ आणि चार मधला ‘च’ वेगळा. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे. उर्दूतल्या ‘हम’मध्ये समोरचा माणूस धरलाय की वगळलाय, हे शब्दावरून कळत नाही, मराठीत ते आधी ठरवावं लागतं. या एका फरकावर मी आज नववीला दोन पूर्ण तास घेतो.

सांगायचं हे की या अडचणी मोजून वीस-पंचवीस आहेत. उर्दू भाषकाच्या अडचणी वेगळ्या, गुजराती भाषकाच्या वेगळ्या, कारण गुजरातीला नपुंसकलिंग ठाऊक आहे, ‘ळ’ही ठाऊक आहे. पण सगळ्या बिगरमराठी माध्यमांना पुस्तक एकच. उर्दूच्या मुलासाठी वेगळं पुस्तक करायचं ठरवलं, तर त्यासाठी केवढा मोठा खजिना पडलेला आहे! मराठीत फारसी-अरबीतून आलेले शेकडो शब्द आहेत. कागद, शाई, दौत, दप्तर, हजेरी, तक्ता, परवानगी, नक्कल. वर्गातच किती निघाले बघा. माझा पहिला तास मी याच शब्दांनी सुरू करतो, आणि मुलांच्या चेहऱ्यावरची भीती दहा मिनिटांत उतरते. मग पुढची गंमत, जे शब्द वाटेत अर्थ बदलून आले. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, मराठीत तालीम म्हणजे आखाडा. उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव, मराठीत शिकस्त म्हणजे प्रयत्नांची पराकाष्ठा. उर्दूत दिमाग़ डोक्यात असतो, मराठीत दिमाख मिरवायचा असतो. आणि उर्दूत फ़ाज़िल म्हणजे विद्वान, तर मराठीत फाजील म्हणजे नको तेवढा. (विद्वानांविषयी मराठी माणसाचं मत यावरून कळतं, असं मी वर्गात म्हणतो. मुलं हसतात.) माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक होते. त्यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश केला आणि नंतर तेच भाषाशुद्धीचे खंदे पुरस्कर्ते झाले. मला त्यांचा राग येत नाही. घरातले पाहुणे कोण हे ठरवायला त्यांना आधी सगळ्यांची नावनिशी लिहून काढावी लागली, आणि ती यादी आज माझ्या उपयोगी पडते.

हे पुस्तक बालभारतीने करायला हवं. माणसं आहेत, साहित्य आहे. करत नाही, कारण कुणी मागत नाही. २०२० साली मराठी सक्तीने शिकवण्याचा कायदा झाला, त्याचा रोख केंद्रीय मंडळांच्या इंग्रजी शाळांवर होता. उर्दू शाळेत मराठी विषय आधीपासूनच आहे, म्हणजे कागदोपत्री प्रश्न मिटलेला. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या शाळेतही कार्यक्रम झाला, फलक लागले, एका मुलीने भाषण केलं. भाषण मी लिहून दिलं होतं. तिने ते उर्दू अक्षरांत उतरवून पाठ केलं होतं.

एम.ए.ला आल्यावर मला एका वेगळ्याच गोष्टीचा राग आला. तिथे मला कळलं की श्रीगोंद्याचे शेख महंमद हे सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ लिहिणारे मराठी संतकवी होते. बार्शीचे अमर शेख संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे शाहीर होते. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई १९६५ मध्ये ‘इंधन’सारखी कादंबरी लिहून गेले, त्यांच्या विचारांशी भांडा किंवा सहमत व्हा, पण ती मराठी वाचून भांडा. आणि डॉ. यू. म. पठाण, महानुभाव वाङ्मयाचे गाढे अभ्यासक, १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. १९९० मध्ये मी चौथीत होतो. मराठीचा तास रोज होता. यांपैकी एकही नाव मला पुढच्या सहा वर्षांतसुद्धा ऐकू आलं नाही. मराठी ही ‘त्यांची’ भाषा आणि आपण ती पास होण्यापुरती करायची, हे मात्र रोज ऐकू येत होतं. कोकणात किंवा सातारा-सांगलीच्या खेड्यांत ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलली जाते, त्या मुस्लिमांना हे ऐकून काय वाटत असेल कोण जाणे.

बी.एड.च्या सराव पाठांसाठी मला एका मराठी शाळेत पाठवलं. पाठ बरा झाला. निरीक्षक बाईंनी शेरा लिहिला, “उच्चार आश्चर्यकारकरीत्या शुद्ध.” त्या मनाने चांगल्या होत्या, त्यांनी कौतुकच केलं होतं. पण माझ्यासोबत पाठ घेणाऱ्या देशपांडे किंवा पवार आडनावाच्या मुलाच्या वहीत ‘आश्चर्यकारकरीत्या’ हा शब्द येत नाही. “तुमचं मराठी किती छान आहे हो!” हे वाक्य मी आजवर किती वेळा ऐकलं, याची मोजदाद नाही. एम.ए. झालेल्या, वीस वर्षं हाच विषय शिकवणाऱ्या माणसाला हे म्हणायचं, म्हणजे सुताराला तुम्हाला रंधा छान धरता येतो हो, असं म्हणण्यासारखं आहे. सवलतीच्या मराठीची ही दुसरी बाजू आहे. एकीकडे आम्हाला येणार नाही असं धरून चालायचं आणि दुसरीकडे आली की चकित व्हायचं.

नोकरीसाठी फिरलो तेव्हा दोन्ही बाजू एकाच महिन्यात भेटल्या. एका मराठी शिक्षण संस्थेत मुलाखत उत्तम झाली आणि नंतर तिथल्याच एकाने हळूच सांगितलं, उमेदवार तुम्हीच बरे होतात, पण मराठीला मुसलमान शिक्षक म्हटल्यावर पालक काय म्हणतील? दुसरी आमच्याच लोकांची संस्था. अध्यक्षसाहेबांनी कागद पाहिले आणि म्हणाले, “एम.ए. मराठी? मराठी तो कोई भी पढ़ा लेता है. इंग्लिश लोगे क्या?” पहिल्या संस्थेचा मला अपमान वाटला. पण नुकसान दुसऱ्या संस्थेने जास्त केलं, आणि अजून करते आहे. कारण तिथे दरवर्षी पाच-सहाशे मुलं ‘कोई भी’कडून मराठी शिकतात.

म्हणून आमच्या लोकांनाही काही बोललं पाहिजे, आणि ते बोललं की मंडळी नाराज होतात. उर्दूच्या नावाने मुशायरे होतात, पुस्तक मेळे होतात, उर्दू बचाओच्या सभा होतात, मीही जातो, पुस्तकं विकत घेतो. पण संस्थाचालक मराठीच्या जागेवर मराठीचा माणूस नेमत नाहीत, कारण ती जागा मेव्हण्यासाठी किंवा देणगीसाठी मोकळी ठेवायची असते. उर्दूच्या सभेत व्यासपीठावर बसणाऱ्या बहुतेकांची नातवंडं इंग्रजी शाळेत आहेत. उर्दू शाळेत उरली आहेत ती मागावरच्या, हातगाडीवरच्या आणि गॅरेजवरच्या माणसांची मुलं, ज्यांना तहसील कचेरीत अजूनही झाडाखालचा माणूस शोधावा लागतो.

हे सगळं ऐकून काही मराठी मित्र चटकन म्हणतात, मग उर्दू शाळा बंदच करा, सगळे मराठीत या. हे म्हणणं सोपं आहे, आणि चुकीचं आहे. पहिलं म्हणजे मूल प्राथमिक शाळेत आपल्या भाषेतून शिकावं याची सोय राज्याने करावी, असं राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५०-क मध्येच लिहिलं आहे, आणि मराठी माध्यम वाचवण्यासाठी तुम्ही रस्त्यावर जो युक्तिवाद मांडता तो हाच आहे. तो माझ्या मुलाच्या बाबतीत खोटा कसा होईल? दुसरं, मला मराठी आली ती उर्दू पक्की होती म्हणून आली. कर्ता, कर्म, क्रियापद मी फ़ाइल, मफ़ऊल, फ़ेल म्हणून आधी नीट शिकलो होतो. मराठीत फक्त नावं बदलली. ज्याचं एका भाषेचं व्याकरण धड होत नाही त्याचं दुसरीचंही होत नाही, हे मी मुलांच्या वह्यांत रोज पाहतो. उर्दू शाळा राहावी आणि तिच्यात मराठी पुरी शिकवली जावी, या दोन मागण्यांत भांडण नाही. ते भांडण दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना हवं असतं.

पुरी म्हणजे काय, ते सांगतो. संचमान्यतेत उर्दू शाळेला पाचवीपासून मराठी विषयाच्या पदवीधराची स्वतंत्र जागा हवी आणि ती दुसऱ्या विषयाच्या शिक्षकाने भरता येऊ नये. उर्दू माध्यमासाठी पाचवीपर्यंत वेगळं मराठी पुस्तक हवं, ज्यात लिंग, सामान्यरूप, ‘ळ’ आणि दोन ‘च’ यांच्यावर नीट मेहनत असेल. सहावीपासून पुस्तकाची पातळी दरवर्षी वर सरकली पाहिजे, म्हणजे नववीत ज्याला कुमारभारती घ्यायची असेल त्याला ती झेपेल. बोलण्याला गुण हवेत, खरे गुण, आता देतो तसे सरसकट नाहीत. आणि ज्या गावात उर्दू शाळा दहावीला संपते, तिथल्या मराठी ज्युनियर कॉलेजने जूनमध्ये महिनाभर या मुलांसाठी वेगळा वर्ग घ्यावा. त्याला खर्च नाही. दोन गावांत आम्ही शिक्षकांनीच असे वर्ग सुट्टीत घेऊन पाहिले. त्यातल्या एका गावच्या अकरा मुली अकरावीला बसल्या. अकरा हा आकडा लहान आहे, पण आदल्या वर्षी तिथे दोन होत्या.

मराठी शाळांत उर्दू ऐच्छिक शिकवावी का, असंही मला विचारतात. शिकवावी, आणि शिकणारी मुलं मिळतात असा माझा अनुभव आहे. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि खरं सांगायचं तर तो आवडता विषय असल्यामुळे माझ्याकडून या लेखावर अन्याय होईल.

हे वाचणाऱ्यांत काही उर्दू शाळेतल्या मुलांचे पालक असतील, काहींचे भाचे-पुतणे तिथे शिकत असतील. आज घरी गेल्यावर त्याची मराठीची वही मागून घ्या. ती देवनागरीतली नको, तिच्या मागच्या पानांवरची बघा, किंवा दुसरी एक लहान वही असते ती बघा. त्यात मराठी उत्तरं उर्दू अक्षरांत लिहिलेली दिसली, तर ती वही घेऊन सोमवारी मुख्याध्यापकांना भेटा आणि विचारा, मराठी कोण शिकवतं आणि त्याचा पदवीचा विषय कोणता होता. एकटे जाऊ नका, आणखी चार पालक बरोबर घ्या. आणि उत्तर तोंडी घेऊ नका, अर्ज देऊन लेखी घ्या.